गेमिंगसाठी लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप?

गेमिंगसाठी संगणक घ्यायचे ठरले की चर्चा लगेच ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर आणि सवलतींकडे वळते. पण त्याआधी एका साध्या प्रश्नाचे उत्तर घरातच शोधून ठेवले पाहिजे. हा संगणक पुढची चार-पाच वर्षे कुठे राहणार आहे? संगणक एकाच टेबलावर राहणार असेल तर डेस्कटॉप घ्यावा आणि तो खरोखरच वारंवार प्रवासात न्यावा लागणार असेल तर लॅपटॉप घ्यावा, हे माझे मत सुरुवातीलाच सांगून ठेवणे बरे. अडचण अशी होते की ‘कधी बाहेर न्यायचा झाला तर’ ही शक्यता आपण गरज म्हणून धरतो आणि तिच्यापोटी वेग, पडद्याचा आकार, दुरुस्तीची सोय आणि पुढे भर घालण्याची मुभा या चारही गोष्टींवर पाणी सोडतो.

म्हणून गेल्या वर्षभरात आपण संगणक घेऊन, किंवा संगणक हवा होता म्हणून, किती वेळा घराबाहेर गेलो याचा प्रामाणिक हिशोब मांडावा. लातूर, सांगली किंवा जळगावहून पुण्यात अभियांत्रिकी शिकायला आलेल्या विद्यार्थ्याचा हिशोब सरळ असतो. दरवर्षी खोली बदलण्याची शक्यता असते, सत्र संपले की गावी जायचे असते, प्रात्यक्षिकांना आणि प्रकल्पाला स्वतःचा लॅपटॉप लागतो, आणि तिघांच्या खोलीत कॅबिनेट व मॉनिटर मांडायला जागा मिळेलच असे नाही. त्याने लॅपटॉपच घ्यावा. याउलट ज्याला कार्यालयाने लॅपटॉप दिलेला आहे आणि जो रात्री जेवणानंतर दोन तास घरीच खेळतो, त्याने आणखी एक लॅपटॉप घेण्यात काही अर्थ नाही.

या दोघांच्या मध्ये एक मोठा वर्ग आहे. त्याला वर्गात किंवा कामावर संगणक न्यावा लागतो, पण खेळणे मात्र घरीच होते. अशांनी दोन्ही कामे एकाच महागड्या गेमिंग लॅपटॉपवर टाकण्याआधी दुसरा मार्ग तपासावा. लिहिण्या-वाचण्यासाठी आणि प्रोग्रॅमिंगसाठी हलका साधा लॅपटॉप, मग तो जुना असला तरी चालेल, आणि खेळण्यासाठी घरी डेस्कटॉप. गेमिंग लॅपटॉप साधारण सव्वादोन ते अडीच किलोचा असतो, त्याचा अडॅप्टर अर्ध्या किलोच्या पुढे जातो आणि बॅटरी साध्या लॅपटॉपइतकी टिकत नाही. हे ओझे रोज लोकलमधून किंवा पीएमपीच्या बसमधून नेणे त्रासाचे आहे, आणि ते ओझे नकोसे झाले की गेमिंग लॅपटॉप घरीच टेबलावर राहू लागतो.

एकाच नावाची दोन कार्डे

लॅपटॉपच्या जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरात छापलेले असते ते ग्राफिक्स कार्डाचे, म्हणजे खेळाचे चित्र तयार करणाऱ्या भागाचे नाव, आणि सर्वाधिक गैरसमजही त्यावरूनच होतो. एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ४०७० हे डेस्कटॉपसाठीचे कार्ड ५,८८८ कोर (चित्राची गणिते करणारे घटक), १२ जीबी मेमरी आणि २०० वॉट वीज घेऊन काम करते. त्याच नावाच्या लॅपटॉपमधील चिपमध्ये ४,६०८ कोर आणि ८ जीबी मेमरी असते आणि तिला ३५ ते ११५ वॉटच्या दरम्यान, लॅपटॉपची कंपनी ठरवेल तेवढीच वीज मिळते. पुढच्या पिढीतील आरटीएक्स ५०७० मध्येही हाच प्रकार आहे. डेस्कटॉपवर ६,१४४ कोर व १२ जीबी मेमरी, तर लॅपटॉपवर ४,६०८ कोर व ८ जीबी. सर्वांत वरच्या आरटीएक्स ४०९० च्या बाबतीत तर डेस्कटॉपवर २४ जीबी मेमरी असलेली वेगळीच मोठी चिप आहे आणि लॅपटॉपवर १६ जीबी मेमरीची त्याहून लहान चिप आहे.

याचा अर्थ लॅपटॉपमधील कार्डे वाईट असतात असा मुळीच नाही. आरटीएक्स ४०६० च्या बाबतीत दोन्हीकडे ३,०७२ कोर आणि ८ जीबी मेमरीच आहे, त्यामुळे लॅपटॉपला पुरेशी वीज दिलेली असेल तर दोघांतील अंतर बरेच कमी राहते. मध्यम किमतीच्या लॅपटॉपमध्ये पैशाचा मोबदला चांगला मिळतो आणि वर जावे तसा तो घटत जातो, असे मला वाटते ते यामुळेच.

वॉटचा आकडा म्हणूनच लॅपटॉप घेताना सर्वांत आधी विचारावा. एकाच नावाच्या कार्डाचे दोन लॅपटॉप, एक ६० वॉटचा आणि दुसरा ११५ वॉटचा, दुकानात शेजारी-शेजारी ठेवलेले असतात आणि खेळताना त्यांच्या फ्रेममध्ये, म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांच्या संख्येत, स्पष्ट फरक पडतो. हा आकडा कंपनीच्या संकेतस्थळावरील तपशिलांत ‘कमाल ग्राफिक्स पॉवर’ किंवा ‘टीजीपी’ या नावाने दिलेला असतो. दुकानात चालू लॅपटॉप पाहायला मिळाला तर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडूनही तो पाहता येतो. विक्रेत्याला आकडा सांगता येत नसेल आणि संकेतस्थळावरही तो दिलेला नसेल, तर तो लॅपटॉप बाजूला ठेवावा.

मेमरीचा मुद्दाही लक्षात ठेवावा. ग्राफिक्स कार्डावरील मेमरी नंतर वाढवता येत नाही. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारख्या स्पर्धात्मक खेळांना ८ जीबी भरपूर होते, मात्र नव्या मोठ्या खेळांत टेक्स्चर (पृष्ठभागांचा बारकावा) सर्वोच्च ठेवले की ती अपुरी पडू लागली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ हा खेळ तर रे ट्रेसिंग (प्रकाश-सावलीचे वास्तवासारखे चित्रण) करू शकणारे कार्ड असल्याशिवाय सुरूच होत नाही. त्यामुळे आपण कोणते खेळ खेळणार आहोत त्यांची यादी आधी करावी आणि त्यांतील सर्वांत जड खेळाच्या अधिकृत गरजा वाचून मगच कार्ड ठरवावे. त्याच वेळी जागेचाही अंदाज घ्यावा, कारण ‘बाल्डर्स गेट ३’ एकटाच एसएसडीवर (साठवणुकीच्या भागावर) १५० जीबी जागा मागतो आणि ५१२ जीबीच्या लॅपटॉपमध्ये विंडोज व अभ्यासाचे सॉफ्टवेअर वगळता असे दोन-तीनच खेळ मावतात.

उन्हाळा आणि वीज

परदेशी परीक्षणे बहुतेक वातानुकूलित खोलीत केलेली असतात, आणि नागपूर, अकोला किंवा चंद्रपूरच्या मे महिन्याशी त्यांचा काही संबंध नसतो. संगणकातील पंखा खोलीतील हवाच आत घेऊन भाग थंड करतो, त्यामुळे खोलीचे तापमान २४ अंशांवरून ३८ अंशांवर गेले तर ती वाढ प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिपच्या तापमानात जवळजवळ तशीच उतरते. लॅपटॉपमध्ये खेळताना प्रोसेसर आधीच ८५ ते ९५ अंशांच्या आसपास असतो. मर्यादा गाठली की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि पहिली वीस मिनिटे सुरळीत चाललेला खेळ नंतर अडखळू लागतो. डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये मोठे पंखे, मोठा हीट सिंक आणि हवेला मोकळी वाट असल्याने त्याला ही वाढ सोसता येते, शिवाय मोठा पंखा संथ फिरत असल्याने आवाजही कमी होतो. विदर्भ-मराठवाड्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत उन्हाळ्यात रोज दोन-तीन तास खेळणाऱ्यासाठी माझा कल डेस्कटॉपकडेच राहील. लॅपटॉप घ्यावाच लागला तर तो गादीवर किंवा मांडीवर ठेवून कधीही खेळू नये, मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून धरणारा स्टँड वापरावा आणि वर्षातून एकदा जाणकाराकडून आतली धूळ काढून घ्यावी.

विजेच्या बाबतीत मात्र पारडे लॅपटॉपकडे झुकते, आणि हे मान्य केले पाहिजे. मध्यम प्रतीचा डेस्कटॉप मॉनिटरसह खेळताना सुमारे ४०० वॉट घेतो असे धरले तर रोज तीन तासांचे १.२ युनिट, म्हणजे महिन्याला ३६ युनिट होतात. १८० वॉट घेणाऱ्या लॅपटॉपचे हेच गणित सुमारे १६ युनिटवर थांबते. वीस युनिटांचा फरक फार मोठा नाही, पण महावितरणचे दर १०० आणि ३०० युनिटांच्या टप्प्यांवर बदलतात, त्यामुळे ज्या घराचा वापर या सीमांच्या जवळ असतो तिथे वाढीव युनिटांना वरच्या टप्प्याचा दर लागतो.

वीज जाण्याचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. लॅपटॉपची बॅटरी यूपीएसचे काम आपोआप करते. वीज गेली तर खेळाचा वेग घटतो, कारण बॅटरीवर ग्राफिक्स चिपला पूर्ण शक्ती मिळत नाही, पण काम जतन करायला आणि संगणक नीट बंद करायला भरपूर वेळ मिळतो. डेस्कटॉपला वेगळा यूपीएस लागतो आणि तो निवडताना बहुतेक लोक चुकतात. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा (व्हीए हे यूपीएसच्या क्षमतेचे माप) यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॉटच देऊ शकतो, त्यामुळे खेळ ऐन रंगात असताना वीज गेली की तो भार न पेलता बंद पडतो. गेमिंग डेस्कटॉपसाठी किमान १,००० व्हीएचा यूपीएस घ्यावा. घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्ह (घरच्या विजेसारखीच वीज देणाऱ्या) प्रकारचा आहे का आणि यूपीएस मोडवर चालवता येतो का हे पाहावे, कारण वीज गेल्यापासून इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतचा क्षणभराचा खंडही संगणक बंद पडायला पुरतो. ज्या भिंतीवरच्या सॉकेटला डेस्कटॉप जोडायचा त्याचे अर्थिंग विद्युत कारागिराकडून एकदा तपासून घ्यावे. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तिसरे छिद्र असते, पण त्यामागे तार जोडलेली नसते, असे पुष्कळदा आढळते.

चौथ्या वर्षी काय होईल

डेस्कटॉपची खरी किंमत तिसऱ्या-चौथ्या वर्षी कळते. एएमडीच्या पहिल्या रायझन प्रोसेसरांसाठी २०१७ मध्ये एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसवण्याच्या खाचेचा) मदरबोर्ड घेतलेल्या पुष्कळ लोकांना केवळ बायोस (मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून २०२२ मध्ये आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी त्याच बोर्डावर बसवता आला. पाच वर्षांनी प्रोसेसर बदलला आणि बाकीचा संगणक तसाच राहिला. सध्याचा एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आला असून त्यावरही एकापेक्षा अधिक पिढ्यांचे प्रोसेसर बसतात. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप दोन्ही मदरबोर्डवर कायमच्या जोडलेल्या असतात. वाढवता येते ती बहुतेकदा रॅम आणि एसएसडीच, आणि सडपातळ लॅपटॉपमध्ये तर रॅमही सोल्डर केलेली असते.

दुरुस्तीतही हाच फरक दिसतो. डेस्कटॉपचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) जळाला तर तालुक्याच्या गावातही संध्याकाळपर्यंत दुसरा बसवून मिळतो. लॅपटॉपचा मदरबोर्ड वॉरंटी संपल्यावर गेला तर त्याचा खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या इतका जवळ जातो की दुरुस्तीचा विचारच सोडावा लागतो. लॅपटॉपला साधारणपणे एकच वर्षाची वॉरंटी असते. डेस्कटॉपच्या प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि मदरबोर्डला बहुधा तीन वर्षांची आणि चांगल्या एसएमपीएसला पाच वर्षांची किंवा त्याहून अधिक वॉरंटी मिळते. लॅपटॉप घेणाऱ्याने अपघाती नुकसानीसह वाढीव वॉरंटीचे पैसे खरेदीच्या रकमेतच धरावेत. हा खर्च मी ऐच्छिक मानत नाही.

रकमेचा हिशोब करताना दोन्ही बाजूंचे लपलेले खर्च मांडले तरच तुलना न्याय्य होते. डेस्कटॉपच्या कोटेशनमध्ये अनेकदा मॉनिटर, यूपीएस, कीबोर्ड, माउस, वेबकॅम, वाय-फायची सोय आणि विंडोजचा परवाना धरलेला नसतो. हे सगळे शून्यापासून घ्यायचे असेल तर कमी रकमेत लॅपटॉप स्वस्त पडू शकतो. घरात आधीचा मॉनिटर आणि टेबल असेल तर मात्र त्याच पैशात डेस्कटॉप स्पष्टपणे पुढे जातो.

डेस्कटॉप जुळवताना

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीतील नेहरू प्लेस आणि बंगळुरूतील एसपी रोड या बाजारांत सुटे भाग घेऊन संगणक असेंबल करून मिळतो. भागांची यादी घरी तयार करून, ऑनलाइन भाव पाहून आणि दोन-तीन दुकानांतून लेखी कोटेशन घेऊनच तिथे जावे. प्रत्येक भागाचे पूर्ण मॉडेल नाव आणि अनुक्रमांक जीएसटीच्या पक्क्या बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण वॉरंटी त्यावरच अवलंबून असते.

एकूण रकमेचा साधारण एक तृतीयांश ते दोन पंचमांश भाग ग्राफिक्स कार्डासाठी ठेवावा. १६ जीबी रॅम घेताना ती ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. हलक्या प्रतीचा एसएमपीएस जळताना सोबत मदरबोर्ड आणि कार्डही घेऊन जाऊ शकतो, म्हणून नामांकित कंपनीचा, ‘८० प्लस ब्राँझ’ किंवा त्यावरच्या दर्जाचा आणि गरजेपेक्षा शंभर-दीडशे वॉट अधिक क्षमतेचा घ्यावा. हा शिक्का फक्त विजेच्या कार्यक्षमतेचा असतो, म्हणून त्या मॉडेलचे परीक्षणही वाचावे. आणखी एक बारकावा असा की इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असते त्यात स्वतःचे ग्राफिक्स नसते. तो थोडा स्वस्त मिळतो, पण उद्या कार्ड बिघडून दुरुस्तीला गेले तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. पैसे कमी असतील तर उलट मार्ग धरावा. रायझन ५ ८६००जी सारख्या अंगभूत ग्राफिक्स चांगले असलेल्या प्रोसेसरवर संगणक उभा करावा, वर्षभर त्यावर हलके खेळ खेळावेत आणि पैसे जमले की कार्ड बसवावे. लॅपटॉपमध्ये अशी हप्त्याहप्त्याने वाढ करता येत नाही.

मॉनिटर आणि कार्ड यांचा मेळ घालणेही आवश्यक आहे. १०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख, १४४०पी वर ३६.९ लाख आणि ४के वर ८२.९ लाख पिक्सेल असतात. म्हणजे ४के वर कार्डाला प्रत्येक फ्रेमसाठी १०८०पीच्या चौपट पिक्सेल काढावे लागतात. मध्यम कार्डासोबत २४ इंची १०८०पी, १४४ हर्ट्‌झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर ही बहुतेकांसाठी समाधानकारक जोडी आहे.

जुने भाग घ्यायचे असतील तर जास्त सावध राहावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगची (ग्राफिक्स कार्डे अखंड चालवून चलन मिळवण्याची) पद्धत बंद केल्यावर अहोरात्र राबलेली असंख्य कार्डे बाजारात आली आणि त्या काळातील आरटीएक्स ३००० मालिकेची कार्डे आजही हातोहात फिरतात. अशा कार्डावर समोर बसून अर्धा तास जड खेळ चालवून पाहावा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत अस्थिरतेचा दोष असल्याचे २०२४ मध्ये कंपनीने मान्य केले आणि त्यासाठी मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती व दोन वर्षांची वाढीव वॉरंटी दिली. असा प्रोसेसर जुना घेताना बायोस अद्ययावत आहे का आणि वॉरंटी उरली आहे का हे तपासावे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने जुन्या संगणकावर विंडोज ११ अधिकृतपणे चालते का हेही पाहावे. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या संगणकातील सुरक्षेच्या सोयी सुरू असणे बंधनकारक आहे.

लॅपटॉप निवडताना

वॉटचा आकडा झाल्यावर पडद्याकडे पाहावे. स्वस्त गेमिंग लॅपटॉपचे पडदे १४४ हर्ट्‌झचे असले तरी रंग फिके असतात. तपशिलांत ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिले असेल तर तो फिका पडदा समजावा आणि ‘१०० टक्के एसआरजीबी’ लिहिलेला शोधावा. लॅपटॉपमध्ये मक्स स्विच आहे का हे विचारावे. तो असला की चित्र अंगभूत ग्राफिक्समधून वळसा न घेता थेट मुख्य चिपमधून पडद्यावर जाते आणि विशेषतः वेगवान खेळांत फ्रेम वाढतात. रॅमसाठी दुसरी खाच आणि एसएसडीसाठी दुसरी जागा मोकळी असावी. टाइप-सी मधून चार्ज होणारा लॅपटॉप मिळाल्यास उत्तम, कारण कॉलेजला जड अडॅप्टर न नेता १०० वॉटचा लहान चार्जर नेता येतो. मात्र खेळण्यासाठी मूळ अडॅप्टरच लावावा लागेल. लॅपटॉप बहुतेक वेळ चार्जरलाच जोडलेला राहणार असेल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवावी, त्यामुळे बॅटरी लवकर फुगत किंवा झिजत नाही.

वसतिगृहातील विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी लॅपटॉपच वापरावा आणि पुढे जमेल तेव्हा खोलीवर एक मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस जोडावा. खेळतानाचा डेस्कटॉपचा बराचसा आराम त्यातून मिळतो आणि नोकरी लागून एका जागी स्थिर झाल्यावर तोच मॉनिटर डेस्कटॉपला उपयोगी पडतो. ऑनलाइन खेळांसाठी दोन्ही प्रकारच्या संगणकांना वाय-फायऐवजी लॅन केबल जोडावी. व्हॅलोरंटचे सर्व्हर मुंबईतच असल्याने महाराष्ट्रातील खेळाडूला पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) कमी मिळण्यास मुळात अनुकूलता आहे, ती कमकुवत वाय-फायमुळे वाया जाऊ देऊ नये.

खरेदी ऑनलाइन केली असेल तर खोके उघडतानाचा सलग व्हिडिओ काढावा आणि परतीची मुदत संपण्यापूर्वी चाचणी पूर्ण करावी. पडदा पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा करून मृत पिक्सेल शोधावेत, आपल्या यादीतील सर्वांत जड खेळ दुपारच्या उकाड्यात सलग तासभर चालवावा आणि त्या वेळी एचडब्ल्यूइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसर व ग्राफिक्स चिपचे तापमान आणि चिप घेत असलेले वॉट पाहावेत. लॅपटॉपवर छापील आकड्याच्या जवळपासही वॉट जात नसतील, किंवा तासाच्या शेवटी फ्रेम सुरुवातीच्या तुलनेत बऱ्याच घसरल्या असतील, तर आधी कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘परफॉर्मन्स’ मोड निवडलेला आहे का हे पाहावे. तरीही फरक पडला नाही तर मुदत संपण्याआधीच तो परत करावा.